स्टेजवर पोरगी गप्पच उभी राहिली

"मॅडम, पोरीला काय प्रॉब्लेम असंल का?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. माणूस बेळगावातल्या वडगावचा, घरात चार पॉवरलूम, साड्या विणायचा पिढीजात धंदा. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी मी बदलल्यात, पण हा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे कारण दर वर्षी गॅदरिंगचा सीझन सुरू झाला की माझ्यासारख्या मुलांच्या समुपदेशकाकडं आठवड्याला एकतरी आई नाहीतर वडील हेच विचारत येतात.

झालं असं की दोन्ही पोरांच्या क्लासचा पहिलाच प्रोग्रॅम होता. मोठा मुलगा आठ वर्षांचा, हार्मोनियमवर भूप वाजवून झकास टाळ्या घेऊन आला. धाकटी पाच वर्षांची, यूकेजीत, भरतनाट्यमच्या ग्रुपमधे पाचजणी होत्या, त्यात ही मधली. थोडंसं नाचली आणि थांबली, ती शेवटपर्यंत पुतळ्यासारखी उभीच. घरी आल्यावर आज्जी म्हणाली भाऊ बघ कसा अन् ही बघ कशी, शेजारचे एकजण तर म्हणाले आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व एवढ्याशा वयात मैफली गाजवत होते, आजकालच्या पोरांत तो दमच नाही. आता कुमार गंधर्वांचं नाव आमच्याकडं असं कुठंही काढतात, पण तेच कुमार गंधर्व पुढं क्षयानं आजारी पडून पाचेक वर्षं गाऊ शकत नव्हते हे काय कोण सांगत नाही. असो.

आधी मी नेहमीचे प्रश्न विचारून घेतले. घरी बोलते का, शाळेत बोलते का, झोप कशी आहे, क्लासला जायचं म्हटलं की पोटात दुखतं का. घरी मराठी, शाळा इंग्लिश मीडियम, गल्लीत निम्मं कन्नड, आणि ही तिन्हीकडं तोंडाचा पट्टा चालू ठेवणारी. हे विचारावं लागतं, कारण काही मुलं घरी भरपूर बोलतात पण शाळेत किंवा बाहेर महिनाभराहून जास्त काळ अजिबातच तोंड उघडत नाहीत, त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, आणि तिथं वाट बघत बसू नये. अर्थात शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, आणि नवीन भाषा अजून येत नाही म्हणून गप्प असणारं पोर वेगळं, आमच्या बेळगावात तर हा फरक फार जपून करावा लागतो. पाच मिनिटं स्टेजवर गोठणं म्हणजे त्यातलं काही नव्हे. चार-पाच वर्षांच्या वयातच पोरांना आपल्याला लोक बघतायत हे नीट कळायला लागतं, तीन वर्षांचं पोर बिनधास्त नाचतं ते धाडसी असतं म्हणून नव्हे, त्याला तेवढं कळतच नसतं.

मग व्हिडिओ बघितला. त्यांनी तो वीस-पंचवीस वेळा तरी बघितला असंल, पण रात्री पोरं झोपल्यावर, आवाज बंद करून. मी म्हटलं आवाज वाढवा. चाळीसेक सेकंद पोरगी बरोबर नाचते, मग थांबते, मान वळवून कडेला बघते. दोन-तीन सेकंदांची गोष्ट. आणि तेवढ्यात मोबाईलमधनं मोठ्यानं आवाज येतो, "हात वर कर गं! हात! हात!" त्यानंतर तिनं दोन्ही मुठीत ड्रेसचा पुढचा चुण्यांचा पंखा घट्ट धरला तो सोडलाच नाही.

"हे कोण ओरडूलालंय?" त्यांनी विचारलं. मी काहीच बोलले नाही. परत लावलं त्यांनी. मग फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ खिडकीकडं बघत बसले. मागाचा आवाज जरा बदलला तर झोपेतनं उठणारा माणूस, स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नव्हता.

मी त्यांना दोष दिला नाही, खरंच दिला नाही. अंधारात हजार रुपयांचा भाड्याचा ड्रेस घातलेलं आपलं पोर उजेडात एकटं पडलेलं दिसतं तेव्हा आईबापाचा जीव कसा होतो ते मला माहितीय, माझ्या मुलाच्या वेळी मी पर्सचा बेल्ट तोडलाय. फक्त म्हटलं आता चेहरा सोडा, पाय बघा. फोन परत सरळ केला. मुठी आवळलेल्या, चेहरा रडवेला, पण उजव्या पायाचा अंगठा शेवटपर्यंत ताल धरून होता. तै या तै. अगदी बरोबर ठेक्यावर. ते त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

पुढच्या वेळी मुलीला घेऊन आले. का थांबलीस असं मी विचारलंच नाही, पाच वर्षांच्या पोराला "का"चं उत्तर देता येत नाही, ते नुसतं मान खाली घालतं. लुडोच्या सोंगट्या दिल्या आणि म्हटलं स्टेज कर बघू. तिनं पाच सोंगट्या ओळीत लावल्या, एक लांब कडेला ठेवली. "ह्या टीचर. क्लासात ह्या इकडं असतात," म्हणून सोंगटी पाचांच्या समोर आणली, आणि परत कडेला नेली. "आणि इथं?" मी समोरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "तिथं कोणच नव्हतं. काळं होतं."

झालं, एवढंच होतं! क्लासमधे टीचर समोर उभ्या राहून करतात आणि पोरं बघून करतात, प्रोग्रॅमला टीचर टाळ घेऊन कडेला बसल्या, समोर नुसते लाईट आणि अंधार. आपल्याला वाटतं पोरीला डान्स पाठ झालाय. तिला टीचर पाठ झालेल्या असतात.

टीचरशी मी फोनवर बोलले, बाई समजूतदार, कन्नडमिश्रित मराठीत म्हणाल्या पुढच्या टायमाला मी स्टेजच्या खाली समोर बसून हात करते, टाळ दुसरं कोणतरी वाजवंल, आणि आदल्या दिवशी हॉलचे लाईट लावून एक प्रॅक्टिस घेऊया. वडिलांना तीन कामं दिली. व्हिडिओ नातेवाईकांना दाखवायचा नाही, स्टेटसला तर नाहीच. पोरीसमोर भावाचं कौतुक करताना "ही बघ" जोडायचं नाही. आणि रोज संध्याकाळी माग बंद झाला की तिनं नाचून दाखवलं तर बघायचं, नाही दाखवलं तर विचारायचं नाही, आणि बघताना दोन्ही हात मांडीखाली. तिसरं त्यांना सगळ्यात अवघड गेलं, पहिल्याच दिवशी तोंडातनं "हात..." निघालंच म्हणे, मग खोकल्याचं नाटक केलं.

गणपतीत गल्लीच्या मंडळात परत कार्यक्रम झाला. मी गेले नव्हते, रात्री साडेदहाला व्हॉट्सअपवर त्यांचा मेसेज आला. "दोनदा चुकली, एकदा उलटीकडं फिरली. मी गप्प होतो मॅडम. बायकोनं तोंडावर हात ठेवलावता."