मावशी नेमकं काय बघायला आली होती?

प्रिय ऋचा,

सुनंदामावशी गेली त्या रात्री तू विचारलंस, "आई, मावशी एवढ्या लांबून यॉर्क बघायला आली, मग आपला फ्रीज, माझी शाळा आणि तुझा बसस्टॉप का बघत बसली? आणि तू तिला नकाशा दिला असतास तरी चाललं असतं ना? चार दिवस रजा कशाला काढलीस? तुझं तर सगळं बघून झालंय." मी नुकतीच तिला मँचेस्टरच्या विमानतळावर सोडून आले होते. बोलवत नव्हतं, म्हणून "उद्या सांगते" म्हणाले. आता लिहूनच सांगते. मराठी तू सावकाश वाचतेस. अडलीस तर मोठ्याने वाच, कानाला ओळखीचं वाटेल.

आधी रजेचं. रत्नागिरीला मे महिना लागला की आमच्याकडे मुंबई-पुण्याचे पाहुणे यायचे, आणि आजोबा प्रत्येकाला गाव दाखवायला स्वतः न्यायचे. टिळकांचं जन्मस्थान, थिबा पॅलेस आणि ऊन उतरलं की भगवतीचा किल्ला. एकेका मेमध्ये पाच-सहा फेऱ्या व्हायच्या. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि 1916 मध्ये तो इथेच वारला, ही हकिगत ते दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगायचे. किल्ल्यावरून मिरकरवाड्याचं बंदर दिसायला लागलं की थांबायचे. स्वतः बंदराकडे बघायचेच नाहीत, पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचे. पाहुणा "अहाहा" म्हणाला की त्यांचा दिवस भरून पावायचा. पाहुण्याला रस्ता सांगून वाटेला लावलं असं आमच्या घरात कधी झालं नाही.

आणि तूही तेच केलंस की! मिन्स्टरमध्ये, म्हणजे यॉर्कच्या त्या मोठ्या चर्चमध्ये, मी मावशीला पूर्वेची मोठी खिडकी दाखवत होते. 1405 ते 1408 या तीन वर्षांत जॉन थॉर्नटनने केलेली ती रंगीत काच, टेनिसच्या मैदानाएवढी. मावशी हात जोडून उभी होती. तेवढ्यात तू तिचा हात धरून तिला दक्षिणेच्या बाजूला ओढत नेलंस. 1984 च्या आगीत तिथलं छप्पर जळालं, नवीन बांधताना काही नक्षी लहान मुलांनी काढलेल्या चित्रांवरून कोरली, आणि त्यात एक चंद्रावर उतरलेला माणूस आहे, हे तू तिला मराठीत सांगितलंस. "छप्पर" शब्द आठवेना तर "वरचं" म्हणालीस. तू तो चंद्रावरचा माणूस कितीदा तरी पाहिलायस. त्या दिवशी तू मावशीच्या तोंडाकडे बघत होतीस. मी पाहिलं.

शहराच्या जुन्या तटबंदीवरून चालताना मात्र मी तिला जास्त काही दाखवलंच नाही, तीच विचारत राहिली. हा तट अजून जवळजवळ साडेतीन किलोमीटर शाबूत आहे, खालच्या उतारावर डॅफोडिल फुललेले होते. इथे "बार" म्हणजे वेस आणि "गेट" म्हणजे रस्ता, कारण "गेट" हा व्हायकिंग लोकांचा शब्द, हे ऐकून तिला फार मजा वाटली. पण लगेच तिने विचारलं, "ही नदी तुझ्या घरापासून किती लांब?" मग आम्ही खाली ऊझ नदीच्या काठी गेलो. भिंतीवर पुराच्या पातळीच्या खुणा आहेत ना, तिथे ती बराच वेळ थांबली. तुला तेव्हा कंटाळा आला होता. तिचं माहेर माझ्यासारखं रत्नागिरीचं नाही, चिपळूणचं आहे, बाळा. 2021 च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं, तिचे आईवडील रात्रभर माळ्यावर बसून होते. घरी आल्यावर ती आपल्या दारात उभी राहिली आणि रस्ता कुठे उतरतो ते तिने नीट पाहून घेतलं.

समुद्रकाठच्या व्हिटबीला तर तिला कोकणात आल्यासारखंच झालं. मूरवरच्या, म्हणजे त्या उघड्या माळावरच्या, उजाड रस्त्यात ती गप्प होती, पण बसमधून उतरून बंदराचा वास आला आणि तिचं तोंड सुटलं. धुरावलेले हेरिंग मासे बघून म्हणाली, "आपण बांगडा उन्हात सुकवतो, यांना ऊन कुठलं, म्हणून धूर." 199 पायऱ्या तिने मराठीत मोजल्या, तुझ्याकडून मोजून घेतल्या, आणि तुझं "एकोणऐंशी" चुकलं तेव्हा परत म्हणवून घेतलं. वर ॲबीत, म्हणजे जुन्या मठाच्या अवशेषांत, मी तिला 664 सालच्या धर्मसभेबद्दल सांगितलं. ईस्टर कधी धरायचा यावरून इथे वाद झाला होता. राजा एका गणिताने सण करायचा, दक्षिणेतल्या केंटहून आलेली राणी दुसऱ्या, त्यामुळे एकाच वाड्यात राजाचं ईस्टर आणि राणीचा उपास असं व्हायचं. मावशी पटकन म्हणाली, "म्हणजे स्मार्त आणि भागवत एकादशी!" मी इथे बारा वर्षं आहे, ती गोष्ट अनेकदा वाचली, आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. म्हणूनही सोबत जायचं असतं.

संध्याकाळी ती बाकावर बसून सूर्यास्ताची वाट बघत होती. आमचा सूर्य समुद्रात बुडतो. इथला समुद्रातून उगवतो आणि गावामागे मावळतो. तिने एकदा मागे वळून पाहिलं आणि मला म्हणाली, "तुला बारा वर्षं असंच?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी काही बोललो नाही. तू तेव्हा चिप्स खात होतीस आणि सीगलला हाकलत होतीस.

आता फ्रीजचं. आमच्या लहानपणी पोस्टकार्डावर पहिली ओळ ठरलेली असायची: "आम्ही सर्व खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी." खुशाली म्हणजे नुसतं "बरे आहोत" नव्हे. जेवणखाण, झोप, शेजार, अंगावर पुरेसं पांघरूण आहे की नाही, हे सगळं त्यात येतं. फोनवर मी आजीला नेहमी "सगळं छान" म्हणते, आणि आजीला ठाऊक आहे की मी तसंच म्हणणार. म्हणून गावाकडून कुणी आलं की त्याला सांगितलेलं असतं, "डोळ्यांनी बघून ये." मावशी आजीचे डोळे घेऊन आली होती. फ्रीजमध्ये मेथी आहे का, ऋचाच्या शाळेच्या वाटेत मोठा रस्ता लागतो का, मी अंधारात बसची वाट बघते तिथे दिवा आहे का, हे तिने आजीसाठी पाहिलं. मिन्स्टरही पाहिलं, पण ते तिने स्वतःसाठी पाहिलं.

परवा ती आजीकडे जाऊन आली. दोन तास बसली होती. काल आजीचा फोन आला तेव्हा तिने मला "कशी आहेस" विचारलंच नाही. म्हणाली, "नदी खाली राहते, तुमचं घर चढावर आहे, सुनंदा बघून आली. आणि त्या स्टॉपवर दिवा नाही म्हणे. टॉर्च जवळ ठेवत जा."

जाताना मावशीची ओटी का भरली आणि तिने तुझ्या मुठीत पैसे का कोंबले, ते वेगळं लिहीन. आधी हे कळव: ऑगस्टमध्ये मावशीचा भाचा लीड्सला शिकायला येतोय, पहिला रविवार आपल्याकडे असेल. त्याला मिन्स्टरमध्ये तू नेशील का? चंद्रावरचा माणूस तूच दाखव. आणि आता "छप्पर" म्हण.

तुझी,
आई