घरातला कुत्रा: तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या महिन्यात मेसेज एवढे आलेत की सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाहीये, त्यामुळे जे प्रश्न चार-पाच जणांनी विचारलेत ते आधी घेतलेत. ऊन अजून उतरलेलं नाही आणि पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे आमच्या दवाखान्यात गोचिडांचे पेशंट सुरू झालेच. पण पहिला प्रश्न गोचिडांचा नाहीये. घरात लहान मूल असेल तर तो आधी वाचा.

प्रश्न: आमच्या घरी दीड वर्षाचा गावठी कुत्रा आहे. परवा माझी सात वर्षांची मुलगी तो जेवत असताना त्याच्या ताटलीजवळ गेली तर त्याने हाताला दात लावला, थोडं रक्त आलं. सासूबाईंनी लगेच हळद दाबली. कुत्र्याला मागच्या वर्षी रेबीजचं इंजेक्शन दिलेलं आहे, मग मुलीला द्यायची गरज आहे का? पोटात चौदा इंजेक्शनं असतात हे कुठून तरी ऐकून ती फार घाबरलीये.
वाचक, कोपरगाव

उत्तर: ताई, अंक हातात पडेपर्यंत थांबायची ही गोष्ट नव्हती म्हणून तुम्हाला त्याच दिवशी फोन केला, मुलीचा पहिला डोस झाला हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. आता बाकीच्यांसाठी लिहितो.

रक्त आलं की इंजेक्शन घ्यायचंच. कुत्रा घरचा असो, लस दिलेला असो, एवढंसं पिल्लू असो. आणि "मागच्या वर्षी दिलंय" म्हणजे नक्की कधी ते कार्ड काढून बघा, कारण आपल्याकडे ही लस दर वर्षी परत देतात आणि बहुतेक घरांत पहिली लस होते, बूस्टर राहून जातो.

दवाखान्यात जायच्या आधीचं काम म्हणजे जखम धुणं. नळ सोडायचा, अंगाचा साधा साबण घ्यायचा आणि वाहत्या पाण्याखाली जखम धरून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ बघून. मूल रडत असतं, आपलाही हात थरथरत असतो, दोन मिनिटांत वाटतं झालं की, पण पंधरा म्हणजे पंधरा. विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत येतो, साबणाने तो बराचसा तिथेच मरतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. हळद, तिखट, चुना, तेल यातलं काहीही लावू नका, तुमच्या सासूबाईंनी मायेपोटीच केलं पण चोळल्याने विषाणू आणखी आत जातो. घट्ट पट्टीही बांधू नका.

पोटातली इंजेक्शनं बंद होऊन आता वीस वर्षं होऊन गेली. आता दंडात देतात. स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि कातडीत देत असतील (सरकारी दवाखान्यात बरेचदा असंच देतात) तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पहिला डोस घेतात तो शून्यावा दिवस. रक्त आलेल्या जखमेत आणि तिच्या आजूबाजूला एक सिरमही (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीज) टोचावं लागतं, ते राहून जाऊ शकतं, म्हणून "सिरम दिलंत का" हे डॉक्टरांना तोंडाने विचारा, संकोच करू नका. मधला डोस बुडवू नका.

कुत्र्याला मारू नका, लांब नेऊन सोडू तर अजिबात नका, दहा दिवस डोळ्यासमोर ठेवा. दहा दिवस ठणठणीत राहिला तर चावला त्यावेळी लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं आणि मग पुढच्या डोसचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. पण आधी दहा दिवस बघू आणि मग इंजेक्शन सुरू करू, असं उलटं करायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून एवढं पोटतिडकीने सांगतोय.

माझी प्रॅक्टिस नवी होती तेव्हा एक शेतकरी कुत्रा घेऊन आले, म्हणाले डॉक्टर, घशात हाड अडकलंय. खालचा जबडा लोंबत होता, लाळेची तार जमिनीपर्यंत, भुंकायला गेला तर घोगरा आवाज यायचा. पाणी पुढे केलं तर बिचारा तोंड बुडवायचा पण गिळता येत नव्हतं. त्यांनी घरी दोनदा तोंडात हात घालून हाड शोधलं होतं, आणि हाड नव्हतंच. तिसऱ्या दिवशी कुत्रा गेला. त्या घरातल्या पाच जणांनी आणि मी, सगळ्यांनी पूर्ण कोर्स घेतला, सगळे व्यवस्थित आहेत. पिसाळलेला कुत्रा म्हणजे अंगावर धावून येणाराच, असं आपल्या डोक्यात बसलंय, पण काही कुत्रे असे गप्प होऊन कोपऱ्यात बसतात. जबडा लोंबतोय, गिळता येत नाहीये, तर तोंडात हात घालू नका, आधी फोन करा.

आणि तुमच्या कुत्र्याने मुद्दाम काही केलं नाही हो. तो जेवत असताना त्याच्याजवळ कोणी जायचं नाही, हा नियम मुलीला आणि घरातल्या मोठ्यांनाही.

प्रश्न: मुलगा पाचवीत आहे, त्याला हस्कीच हवाय. आम्ही दोघं नोकरी करतो, चौथ्या मजल्यावर टू बीएचके. पिल्लू विकणारा म्हणतो एसी असेल तर काही प्रॉब्लेम नाही. घ्यावा का?
वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: नका घेऊ. हस्की हा सायबेरियात बर्फावर गाडी ओढणारा कुत्रा, अंगावर केसांचे दोन थर, आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, थोडासा पंजांच्या तळव्याला येतो तेवढाच, बाकी सगळं धापा टाकून गार व्हायचं. एसीत ठेवाल हो, पण त्याला रोज पळायला लागतं ते कुठे पळवणार, आणि दुपारी लाईट गेली तर?

तरी मला ऊन ही दुसरी अडचण वाटते, पहिली अडचण तुमचे घराबाहेरचे नऊ तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते, चार वेळा खाऊ घालावं लागतं, आणि नऊ तास एकटं ठेवलं की ते रडतं, मग दार ओरबाडतं, मग सोफा फाडतं, आणि सहा महिन्यांनी तुमच्यासारखीच चांगली माणसं माझ्याकडे येऊन विचारतात की कोणी घेईल का हो. असे फोन मला दर आठवड्याला येतात. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो. आज पाचवीत असलेला मुलगा कॉलेजला बाहेरगावी जाईल तेव्हाही तो घरात असणार आहे आणि तेव्हा त्याला तुम्ही फिरवणार आहात.

एक करा. महिनाभर रोज सकाळी सहाला मुलगा आणि तुमच्यापैकी एक जण उठून अर्धा तास चालून या, संध्याकाळी परत अर्धा तास, कुत्र्याशिवाय. जमलं, तर दोन-तीन वर्षांचा गावठी कुत्रा दत्तक घ्या, शू-शी बाहेर करायची सवय असलेला, आणि दुपारी एकदा येऊन बघणारं कोणीतरी माणूस ठरवा. आपलं ऊन गावठी कुत्र्याला पिढ्यानपिढ्या माहितीये. आणि पिल्लूच घ्यायचं झालं तर दोन महिन्यांच्या आतलं घेऊ नका, कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ते विकताच येत नाही. चावायचं किती हे पिल्लू आई आणि भावंडांबरोबर खेळतानाच शिकतं, लवकर तोडलेलं पिल्लू पुढे फार चावतं.

प्रश्न: आमच्या लॅब्राडॉरच्या कानात आणि बोटांच्या मध्ये गोचीडच गोचीड झालेत. रॉकेल लावून बघितलं, मग गाईचं गोचिडाचं औषध पाण्यात कालवून अंघोळ घातली, चार दिवसांनी परत तेवढेच. आता दोन दिवस जेवत नाहीये.
वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: जेवत नाहीये हे तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंय पण तेच महत्त्वाचं आहे. आजच्या आज रक्त तपासा. गोचिडांमधून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन ताप येतात, वेळेत औषध मिळालं तर बहुतेक कुत्रे बरे होतात, आठवडाभर अंगावर काढलं तर रक्तातल्या पेशी एवढ्या कमी होतात की नाकातून रक्त यायला लागतं. घरी बसल्या एवढं बघा: वरचा ओठ उचला, हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. हिरडी आधीच पांढुरकी दिसतेय, किंवा शू कॉफीसारखी गडद होतेय, तर सकाळपर्यंत थांबू नका.

रॉकेल बंद, कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. गाईचं औषध गाईच्या वजनाचं आणि गाईच्या कातडीचं असतं, अंदाजाने कालवलं आणि कुत्र्याने अंग चाटलं की लाळ, गुंगी, कधी झटके, असे कुत्रे मी सलाईनवर ठेवलेत. कुत्र्यांसाठी महिन्यातून एकदा द्यायची चघळायची गोळी मिळते, मानेवर सोडायचे थेंब मिळतात, दोन्ही वजनाप्रमाणे. तुमच्या कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळीच्या आधी डॉक्टरांना तसं सांगा.

आणि परत का होतात विचारताय, तर कुत्र्यावर दिसतात ते थोडेच, बाकीचे तुमच्या घरात आहेत. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत, पायपुसण्याखाली, कुंडीमागे जाते आणि तिथे हजारो अंडी घालते. म्हणून गोळीबरोबर फटी बुजवणं, त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुणं, हे दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका, नखाने चिरडू नका.

रोज रात्री टीव्ही बघताना का होईना त्याच्या अंगावरून हात फिरवा, कानाच्या आत, काखेत, शेपटीखाली, बोटांच्या मध्ये. गोचीड हाताला आधी लागतो. गाठही हातालाच लागते, जखमही.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे. कुत्रा खाली पडलेले मणी खातो, दोन सीझन झाले काही झालं नाही. व्हॉट्सअॅपवर द्राक्ष विषारी म्हणून आलंय, खरं का?
वाचक, निफाड

उत्तर: खरं आहे. द्राक्ष आणि बेदाणे खाऊन काही कुत्र्यांची किडनी दोन-तीन दिवसांत बंद पडते. काहींना काहीच होत नाही, आणि कोणाला होणार ते आधी ओळखता येत नाही, अमुक इतके मणी चालतात असा हिशोबही नाही. द्राक्षातल्या टार्टारिक अॅसिडवर आता संशय आहे, चिंचेतही तेच असतं, म्हणून चिंचही नको. खुडा चालू असताना त्याला बांधावर सावलीत बांधा, पाणी ठेवा. खाल्ल्याचं दिसलं तर उलट्या व्हायची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे न्या, पहिल्या दोन तासांत पोट रिकामं करता येतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा, चॉकलेट आणि शिजवलेली हाडंही नकोतच.

प्रश्न: सोसायटीने नोटीस लावलीये की कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही. असं करता येतं का?
वाचक, ठाणे

उत्तर: नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने हे स्पष्ट सांगितलेलं आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही बंद करता येत नाही. हे सेक्रेटरींना लेखी द्या, भांडू नका. पण तुमच्याही बाजूचं नीट असू दे. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरायचा, आत लहान मूल किंवा घाबरणारं कोणी असेल तर पुढच्या लिफ्टने जायचं, खिशात कागद-पिशवी आणि शी उचलायचीच, पावसाळ्यात तर आधी, कारण ती वाहत खेळायच्या जागेत जाते. महापालिकेचं लायसन्स आणि रेबीजचं कार्ड फाईलला लावून ठेवा. निष्काळजीपणे सोडलेला कुत्रा कोणाला चावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न: आमचा कुत्रा तेरा वर्षांचा आहे. घरात शू करतो, रात्री उगाच भुंकतो, फरशीवर पाय घसरून पडतो. घरातले म्हणतात लांब कुठेतरी शेतावर सोडून येऊ. माझं मन होत नाही.
वाचक, रत्नागिरी

उत्तर: तुमचं मन बरोबर सांगतंय. तेरा वर्षं एका घरात काढलेल्या कुत्र्याला अनोळखी जागी सोडलं तर तो तिथेच बसून राहतो, खात नाही. शिवाय पाळलेलं जनावर असं सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे घरच्यांना दाखवा.

तो मुद्दाम करत नाहीये. घरात शू म्हणजे किडनी, शुगर किंवा इन्फेक्शन असू शकतं, रात्रीचं भुंकणं कमी दिसण्या-ऐकण्याने आणि वयाच्या विसराळूपणाने होतं, तो जागा होतो आणि आपण कुठे आहोत हेच त्याला कळत नाही. तिथे एक छोटा दिवा चालू ठेवा. रात्री झोपायच्या आधी एकदा बाहेर न्या, उशिरा का होईना. सांधे दुखतात म्हणून घरातली क्रोसिन, ब्रुफेन देऊ नका, कुत्र्याला ती घातक आहेत. नखं कापून घ्या, तळव्यामधले वाढलेले केसही, आणि त्याच्या अंथरुणापासून दारापर्यंत आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या टाका, सरकू नयेत म्हणून खाली रबराची मॅट. बरेच कुत्रे एवढ्याने परत उभे राहायला लागतात. रक्त आणि लघवी या आठवड्यात तपासून रिपोर्टचा फोटो मला पाठवा, औषधाचं आपण फोनवर बोलू.