फायबर आलं तरी फोन जुनाच ठेवा

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. घरची तांब्याच्या तारेची लँडलाइन जाऊन फायबर येतंय. नवा कॉर्डलेस त्यांना जमत नाही. काय करावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कॉर्डलेस बाजूला ठेवा. जुना बटणांचा फोन फायबरच्या मोडेमवर ‘फोन’ लिहिलेल्या खाचेत जोडता येतो. नंबर तोच ठेवायला सांगा. मोडेम कुठेही बसो, लांब वायर ओढून फोन त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर राहू द्या. या आजारात नवं शिकणं फार अवघड जातं, पण रिसीव्हर उचलायची हाताची सवय बराच काळ टिकते. ती मोडू नका. तबकडीचा फोन असेल तर आधी तपासा. आलेला फोन घेता येईल, पण नंबर फिरवून लागेलच असं नाही.

खरी अडचण विजेची. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजची वीज यायची, मोडेमला मात्र घरची लागते. वळवाच्या पावसात लाइट गेली की फोन मुका. मोडेमच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट (बहुधा १२) पाहून तेवढ्याच व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा मिनी यूपीएस (लाइट गेली तरी मोडेम चालू ठेवणारी छोटी बॅटरी) घ्या. आणि मोडेमच्या बटणावर चिकटपट्टी लावाच. दिसेल ते बटण बंद करणं ही जुन्या, काटकसरी माणसांची सवय असते.