अंदमानात खिसा आणि पोट दोन्ही सांभाळताना

सुट्ट्या जवळ आल्या की अंदमानच्या खाण्याबद्दल तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांतल्या निम्म्यांच्या मुळाशी कुठल्या तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची ऐकीव माहिती असते. म्हणून ही उत्तरं एकदाच.

प्रश्न : टूरवाले म्हणतात, दोन्ही वेळचं जेवण पॅकेजात घ्या, बाहेर काही मिळत नाही. खरं आहे का? (पुणे)

बाहेर मिळतं. पॅकेजात नाश्ता घ्या, जेवण नको. दुपारी तुम्ही बोटीत, जेट्टीवर नाहीतर किनाऱ्यावर असता. हॉटेलातलं जेवण तसंच राहतं आणि पैसे गेलेले असतात. पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) अबर्डीन बाजाराच्या आसपास इडली-डोशापासून भातापर्यंत सगळं मिळतं. हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, जेट्टीपासून दोनेक किलोमीटरवर गोविंदनगरचा बाजार आहे. तिथली माणसं त्याला 'तीन नंबर' म्हणतात. तिथल्या बंगाली खानावळींत भात, डाळ, भाजी आणि हवा तर माशाचं कालवण अशी थाळी असते. डाळ-भात पुन्हा वाढतात का, हे बसण्याआधी विचारा.

वेळ मात्र पाळा. तिकडे सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आसपास मावळतो, त्यामुळे सगळा दिवसच आपल्यापेक्षा लवकर चालतो. ताजी थाळी बारा ते दोनमध्ये. रात्री आठच्या आत जेवून घ्या. नील बेटावर (आताचं शहीद द्वीप) तर त्याहूनही लवकर. बाराटांग बेटावर जायला पहाटे अंधारातच निघावं लागतं आणि नाश्ता बुडतो, तेव्हा हॉटेलवाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलून डबा बांधून घ्या. त्या रस्त्यावर दिसणाऱ्या जारवा आदिवासींना बिस्किटं देणं हा गुन्हा आहे. कुणी त्याला माणुसकी म्हणालं तरी ऐकू नका.

प्रश्न : ड्रायव्हर सांगेल त्या हॉटेलात जावं का? (नाशिक)

"तुम्ही स्वतः कुठे जेवता?" असं त्याला विचारा आणि तिथे जा.

प्रश्न : यूपीआय चालतं ना? (ठाणे)

नेटवर्क असेल तेव्हा. दोन दिवसांच्या जेवणाची रोकड पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या.

प्रश्न : संध्याकाळी बर्फावर मांडलेल्या माशांतून मासा निवडायचा आणि भाजून घ्यायचा, हे स्वस्त पडतं असं ऐकलं. मासा भाजला-तळला की पोटाची भीतीही नसते ना? (डोंबिवली)

दोन्ही चूक. या एका गैरसमजापायी सहलीचा खर्चही वाढतो आणि सहलही बिघडते, म्हणून जरा सविस्तर.

आधी पैशाचं बघू. पाटीवरचा भाव किलोचा असतो, आणि तो अख्ख्या माशाचा. डोकं, पोट, खवले, काटे गेले की किलोतून जेमतेम साडेचारशे-पाचशे ग्रॅम मांस ताटात येतं. म्हणजे हजार रुपये किलोचा मासा खाताना दोन हजारांच्या घरात जातो. दोन मोठे, दोन लहान अशा कुटुंबाला भाताबरोबर पाऊण किलोचा मासा पुरतो. विकणारा दीड किलोचाच उचलून दाखवतो. निवडण्याआधी विचारा: भाव किलोचा की प्लेटचा? भाजणावळ आणि मसाला त्यात धरलाय का? भात वेगळा का? वजन समोर करायला लावा, आणि त्याआधी रिकामा ट्रे काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आलाय का ते पाहा. बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावलेला असेल तर काढायला सांगा. २०२२ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो ग्राहकाच्या मर्जीवर आहे.

आता पोटाचं. टूना, सुरमई, बांगडा हे मासे उन्हात राहिले की जंतूंमुळे त्यांत हिस्टामिन तयार होतं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन भाजून जात नाही, तळून जात नाही, लिंबू पिळून तर नाहीच. मासा दिसायला-वासाला ठीक असूनही हे होऊ शकतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. लोक त्याला 'अ‍ॅलर्जी' म्हणून खोलीत पडून राहतात. तसं करू नका. आरोग्य केंद्र गाठा, श्वास लागत असेल तर एक मिनिटही घालवू नका.

बर्फावर ठेवलेला मासा आणि बर्फात गाडलेला मासा यांत फरक आहे. खाली विरघळलेलं पाणी, वर दिव्यांचा झोत आणि मासा दुपारपासून तिथेच, असं असेल तर पुढे चला. कल्ले उचलून बघा, लालबुंद हवेत. मांस दाबलं की खड्डा राहू नये. त्यापेक्षा दुपारच्या थाळीतली माशाची तुकडी स्वस्त, आणि सकाळचा माल बहुधा तिथेच आधी जातो. शिवाय १५ एप्रिल ते १४ जून पूर्व किनाऱ्यावर, अंदमान धरून, खोल समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मे महिन्यात जाणाऱ्यांनी मासा कधीचा आहे, हे खानावळवाल्याला सरळ विचारावं.

प्रश्न : आमची मुलगी चार वर्षांची आहे. पहिल्यांदा कोळंबी तिथेच द्यावी का? (कोल्हापूर)

नाही. नवा पदार्थ बेटावर नको. आधी घरी, तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून.

प्रश्न : सासू-सासरे शुद्ध शाकाहारी आहेत. बंगाली खानावळीत त्यांचं कसं होणार? (सांगली)

नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. बंगाली स्वयंपाकात माशाचं डोकं घालून डाळ करण्याची पद्धत आहे, आणि ती पातेल्यात साध्या डाळीसारखीच दिसते. 'निरामिष' हा शब्द वापरा; बंगाली घरांत त्याचा अर्थ मासा-मटण नाहीच, पण बहुधा कांदा-लसूणही नाही. तरी डाळ कशात शिजवली आणि तळण्याचं तेल वेगळं आहे का, हे विचाराच. मोहरीच्या तेलाचा वास चालत नसेल तर दक्षिणी पद्धतीची खानावळ शोधा. बेटांवर बरीच भाजी मुख्य भूमीवरून बोटीने येते, म्हणून टोमॅटो-पनीरच्या भाज्या महाग. केळफूल, भोपळा, पालेभाजी असं जे तिथे पिकतं ते मागा. नीलला भाजीची शेती चांगली आहे. मधुमेह असेल तर भातावर भर असलेल्या या जेवणात गोळ्यांच्या वेळा कशा ठेवायच्या, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न : घरून काय न्यावं? खोलीत कुकर लावता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

कुकरचं होमस्टेच्या मालकाला बुकिंगआधी विचारा. हॉटेलात लावू नका. मेतकूट, भाजणी, भाजलेला रवा, दशम्या न्या. लोणचं हातातल्या पिशवीत नको, तेलामुळे तपासणीत अडवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर नकोच: खोबरं ज्वलनशील मालात धरतात आणि सामान उघडायला लावतात. सुकी चटणी नेण्याआधी विमान कंपनीला विचारा.

प्रश्न : पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने देतात. तक्रार करावी का? (रत्नागिरी)

दुकानदार असेल तर जरूर. टेबलावर बसून घेतली असेल तर नाही. तिथे जास्त दर लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोकळीक दिली आहे. बाटली बाजारातून घ्या, शहाळं कुठेही प्या.