मण्याची डावी बाजू

चि.स अनेक आशीर्वाद.

तू लेथवर (लाकूड फिरवायच्या यंत्रावर) वळवून पाठवलेला लाकडाचा तुकडा मिळाला. काल रात्री दिव्याखाली धरून एकेका मण्यावरून नख फिरवून पाहिलं. त्यावर १४ मणी, म्हणजे कोरलेले गोल फुगवटे, आहेत. त्यांतल्या ११ मण्यांच्या उजव्या बाजू इतक्या स्वच्छ उतरल्यात की मला मनापासून आनंद झाला. डाव्या बाजूंवर मात्र पटाशी माथ्याकडे उलटी पळाल्याच्या मळसूत्री खुणा आहेत. ‘माझा हात थरथरतो’ असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही. हात थरथरत असता तर उजव्या बाजूही बिघडल्या असत्या.

अडचण तुझ्या पायांत आहे.

मणी वळवताना तिरक्या धारेच्या पटाशीला तीन हालचाली एकदम कराव्या लागतात: पातं फिरतं, दांडा वर उचलला जातो, आणि ज्या बाजूला मणी उतरतोय त्याच बाजूला दांडा सरकतो. पहिल्या दोन तुला जमल्यात. उजवीकडे उतरताना तिसरीही आपोआप होते, कारण तिकडे दांड्याला जागा मोकळी असते. डावीकडे उतरताना दांडा तुझ्या पोटाशी येऊन अडतो. दांडा मागे राहिला की धारेमागचा उतार लाकडाला चुकीच्या कोनात टेकतो आणि धार कापेनाशी होते. मग आपण नकळत जोर लावतो. कापण्याची जागा टाचेपासून, म्हणजे तिरक्या धारेच्या आखूड कोपऱ्यापासून, सरकून धारेवर वर चढते, तिथे धारेला मागून टेका नसतो, आणि लाकूड तिला ओढून घेतं. झटका बसतो तो असा.

म्हणून आता उलट्या टोकाकडून सुरुवात कर. लेथ बंद ठेव. मणी जिथे खाली, दोन मण्यांमधल्या खाचेत, संपतो तिथे पटाशी लावून बघ: पातं जवळजवळ उभं, दांडा वर आणि डावीकडे. या अवस्थेत तुला आरामात उभं राहता येईल अशी पावलं ठेव. ती तुला वाटतं त्यापेक्षा बरीच डावीकडे जातील. आता पावलं न हलवता, फक्त कमरेतून वळून मण्याच्या माथ्यावर ये. इथे अवघडल्यासारखं होईल, होऊ दे. काप जसजसा उतरेल तसतसं अंग मोकळं होत जाईल. एका हाताने लाकूड सावकाश फिरवत असं दहा वेळा कर. टाचेजवळून बारीक भुगा न पडता कुरळी साल निघाली की समज, उतार बरोबर टेकलाय. त्यानंतरच लेथ चालू कर. ३० मिलिमीटरच्या तुकड्याला मिनिटाला १५०० फेरे पुरेत.

धारेकडे टक लावून बघू नकोस. नजर लाकडाच्या वरच्या कडेवर ठेव. मण्याचा आकार तिथे दिसतो, आणि हात नजरेमागे जातो.

खाचेबद्दल थोडं. ती पाडताना लांब टोक खाली ठेवून सरळ आत जा, मग दोन्ही बाजूंनी रुंद कर. एकदम खोल नको. मणी उतरेल तशी खोली वाढव. वळवायचं काम मात्र टाचेने कर. मणी अगदी खेटून असतील आणि टाच शिरत नसेल तरच टोक वापर.

तुझी पटाशी मी पाहिलेली नाही, पण दोन गोष्टी तपास. खालची कड बोट फिरवल्यावर टोचत असेल तर ती दगडावर गोल कर, म्हणजे टूल रेस्टवर (पटाशी टेकवायच्या आडव्या पट्टीवर) पातं अडखळणार नाही. रेस्टवर खाचा असतील तर त्या कानसीने काढून टाक. आणि धार अंगठ्यावर नको, कागदावर बघ. दोन्ही उतारांमधला कोन ३५ ते ४० अंश, उतार सपाट.

सरावाला सागवान वापरू नकोस. त्याच्यात वाळूसारखी सिलिका असते, धार लवकर मरते आणि चूक हाताची की धारेची ते कळत नाही. सरळ तंतूंचं शिवणीचं लाकूड मिळालं तर उत्तम.

सँडपेपरने खुणा घालवायचा मोह होईल, तो आवर. कागदाने मण्याचा माथा चपटा होतो आणि खाचेची रेघ बुजते. तुला पुढे सावंतवाडीच्या पद्धतीचं लाखकाम शिकायचं आहे ना? फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, आणि लाकडाचा फाटलेला तंतू त्या रंगाखालून आणखीच उठून दिसतो. पाळण्याच्या खांबावरचे जुने मणी कधी हातात आले तर खाचेत नख घालून बघ, तळ किती धारदार असतो ते.

पुढच्या तुकड्यावर उजव्या बाजू करूच नकोस. नुसत्या डाव्या बाजू, ओळीने २०, आणि शेवटच्या पाचांवर पेन्सिलीने खूण करून पाठव. बाही वर दुमडलेली आणि चेहऱ्यावर ढाल असू दे.

तुझा काका