टॉमकॅटपुढे एनजिनएक्स लावल्यावर ५०२ येतो

मोंढ्यातल्या आडतीच्या हिशोबाचं तुमचं ॲप टॉमकॅटवर (जावा ॲप चालवणारा सर्व्हर), ८०८० पोर्टला नीट चालतं; रॉकी लिनक्सवर पुढे एनजिनएक्स (विनंत्या घेऊन टॉमकॅटकडे पाठवणारा वेब सर्व्हर) लावलं की ५०२ येतो, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी एनजिनएक्सचा एरर लॉग उघडा. ‘१११: कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर टॉमकॅट बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. ‘१३: परमिशन डिनाइड’ दिसलं तर बहुतेक एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षा व्यवस्था) अडवतंय. बरेच जण इथं एसईलिनक्सच बंद करून मोकळे होतात. हिशोबाच्या सर्व्हरवर तसं अजिबात करू नका. ‘सेटसेबूल’ या कमांडला ‘-पी’ (कॅपिटल) जोडून ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ चालू करा, तेवढं पुरतं.

एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये लोकेशन ‘/आडत/’ असेल तर ‘प्रॉक्सी_पास’मध्ये ८०८० नंतर तिरकी रेघ देऊ नका. दिली की ‘/आडत/’ एवढा भाग कापूनच विनंती मागे जाते आणि टॉमकॅट ४०४ (पान सापडलं नाही) देतं.

लॉगिननंतर पत्ता एचटीटीपीएसवरून एचटीटीपीवर घसरत असेल तर ‘होस्ट’ आणि ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हे हेडर एनजिनएक्समधून पाठवा, आणि टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये ते हेडर वाचणारा ‘रिमोटआयपीव्हॉल्व्ह’ टाका. यातलं एकच केलं तर दुरुस्त होत नाही.

सोयाबीनच्या हंगामात मोठा रिपोर्ट ६० सेकंदांत आला नाही तर ५०४ (वेळ संपली) येईल. तेव्हा एनजिनएक्समधला ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ वाढवा.