सगळ्यांना होतं, म्हणून सोसायचं असं नाही

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. गरोदरपणाचा सातवा आठवडा, दिवसभर मळमळ, दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात आणि ज्याला सांगावं तो म्हणतो, "सगळ्यांनाच होतं." होतं, हे खरं. पण सगळ्यांना होतं म्हणून त्यावर काही करायचंच नाही, हे मला कधीच पटलं नाही. प्रसूती विभागात उभी हयात गेल्यावर माझं मत पक्कं झालंय: पहिल्या तीन महिन्यांत बायका जे मुकाट्याने काढतात त्यातलं बरंचसं हलकं करता येतं. आणि ज्या थोड्या गोष्टींना खरंच घाबरायला हवं, त्याही नेमक्या याच वाक्याखाली झाकल्या जातात.

आधी हिशोब सांगते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुझा सातवा आठवडा असला तरी गर्भ जेमतेम पाच आठवड्यांचा आहे. मळमळ साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि बहुतेकींची बाराव्या ते चौदाव्यापर्यंत ओसरते. काहींची विसाव्यापर्यंत रेंगाळते. थोडक्यात, अजून दोनेक आठवडे ती वाढू शकते. आताच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर वाढली की काहीतरी बिघडलं म्हणून रात्रभर फोनवर शोधत बसशील.

आणि "तू फार मनावर घेतेस म्हणून होतं" असं कुणी म्हणालं, तर ऐकून सोडून दे. वार (प्लॅसेंटा) तयार होताना जीडीएफ१५ नावाचं एक संप्रेरक रक्तात सोडलं जातं आणि ते थेट मेंदूच्या उलटीच्या केंद्राशी बोलतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं, त्यांना या अचानक वाढीचा त्रास जास्त होतो. यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

आता करायचं काय? रिकामं पोट हा मळमळीचा सगळ्यात मोठा मित्र. रात्री उशाशी दोन-चार कोरडी बिस्किटं ठेव. सकाळी जाग आली की आधी उठायचं नाही. आडवं असतानाच, मान थोडी वर करून, एक बिस्कीट सावकाश चावून खायचं. पाणीसुद्धा लगेच नको. दहा-पंधरा मिनिटं तशीच पड, मग कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हळूहळू उठ. हास्यास्पद वाटेल, पण सकाळची पहिली उलटी टळली की पुढचा दिवस बराच सावरतो. त्यानंतर दर दोन तासांनी थोडं थोडं खात राहा. तीन वेळा भरपेट जेवायचा हट्ट आता नको. पाणी जेवणाबरोबर न पिता अधल्यामधल्या वेळात, घोटाघोटाने. गरम अन्नाला वास जास्त सुटतो, म्हणून थंड किंवा कोमट खाल्लेलं अनेकींना सोसतं. आल्याने बऱ्याच जणींना उतार पडतो. पौष्टिक काय ते पुढे बघू, सध्या जे पोटात टिकेल ते खा. या आठवड्यांत गर्भाची गरज अगदी थोडी असते, तुझ्या दोन घासांवर तो उपाशी राहत नाही.

उलटी झाल्यावर लगेच दात घासू नकोस. पोटातल्या आम्लाने दातांचं वरचं कवच तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं, ब्रशने ते झिजतं. नुसत्या पाण्याने, किंवा पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून खळखळून चूळ भर आणि अर्धा-पाऊण तास थांब.

एवढ्याने भागलं नाही तर औषध माग. हो, माग. गरोदरपणात गोळी नको, ही भीती उगाच जन्मली नाही. १९५७ पासून विकलं गेलेलं थॅलिडोमाइड मळमळीसाठीही दिलं जायचं, हजारो बाळं हातापायांची वाढ खुंटलेली जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. पण त्या धड्यामुळेच आज औषधं कितीतरी कडक तपासली जातात. ब६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन ही जोडी अनेक वर्षं वापरात आहे, तिच्यावर भरपूर अभ्यास झालाय आणि ती सुरक्षित मानली जाते. तिने झोप येते, म्हणून बहुधा रात्रीपासून सुरू करतात. मात्र डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. मैत्रिणीची उरलेली पट्टी वापरायची नाही.

कुठे थांबायचं नाही तेही ऐक. चोवीस तासांत पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी आठ तास झालीच नाही किंवा गडद पिवळी होतेय, उभं राहिलं की अंधारी येते, किंवा वजन आधीच्या पाच टक्क्यांहून जास्त घटलंय (साठ किलोच्या बाईचं तीन किलो), तर ती नेहमीची मळमळ राहिली नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठ. सलाईन आणि औषधांनी एक-दोन दिवसांत माणूस पुन्हा बसतं होतं. घरी चार दिवस ताटकळण्यात काही शौर्य नाही.

थकव्याला मात्र माझ्याकडे जादू नाही. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झोप आणतं, शरीर रक्त वाढवायच्या तयारीला लागलेलं असतं, आणि बाहेरून पोट दिसत नसल्याने कुणी उठून जागाही देत नाही. झोप. दुपारी वीस मिनिटं मिळाली तर वीस मिनिटं. ऑफिसात विश्वासाच्या एका माणसाला आत्ताच सांगून ठेव. तीन महिने लपवायचं की नाही हा तुझा प्रश्न, पण लपवण्याचेही कष्ट पडतात. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून झटकन उभी राहू नकोस.

बाकीचं भराभर सांगते. आतड्यांची चाल मंदावते म्हणून बद्धकोष्ठता: पाणी, चोथा, चालणं, आणि नाहीच जमलं तर इसबगोल चालतं. छातीत जळजळ होत असेल तर जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ दे, डोक्याकडची बाजू उंच कर. स्तन दुखतात त्यावर नीट आधार देणारी, न काचणारी ब्रा, रात्रीसुद्धा. लघवीला वारंवार जावं लागेल, पण जळजळ किंवा ताप असेल तर तपासून घे, कारण गरोदरपणात लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढायला वेळ लागत नाही. डोकेदुखीला पॅरासिटामॉल, कमीत कमी आणि गरजेपुरतं. आयब्युप्रोफेनला हात लावू नकोस.

पाळीसारखं हलकं ओढल्यासारखं दुखणं चालतं, गर्भाशय वाढतंय. थोडा डागही साधारण चौघींपैकी एकीला पहिल्या तीन महिन्यांत दिसतो आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं नीट होतं. तरी फोन करून कळव, स्वतःच निदान करू नकोस. पण पोटात एकाच बाजूला जोरात दुखत असेल, खांद्याच्या टोकाला कळ येत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल किंवा तासाला पॅड भिजत असेल, तर फोनवर वेळ घालवू नकोस, थेट दवाखान्यात जा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजला असेल तर तासांचा प्रश्न असतो.

आणखी एक. एखाद्या सकाळी मळमळ अचानक नसेल, तर लगेच काळजात धस्स होईल. लक्षणं रोज सारखी नसतात, काहींना तर मुळीच होत नाहीत आणि बाळ ठणठणीत असतं. मनाला फारच लागून राहिलं तर सोनोग्राफीची वेळ मागून घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढच्या तपासणीला जाताना आठवड्याचं वजन, दिवसाला उलट्या किती आणि चालू गोळ्यांची नावं कागदावर लिहून ने. फोलिक ॲसिड चुकवू नकोस. लोहाने मळमळ वाढत असेल तर ते थोडे दिवस पुढे ढकलता येईल का, विचार. आणि गोळी घेतल्याबरोबर उलटीत पडली तर पुन्हा घ्यायची का, हेही विचारून ठेव. ते प्रत्येक गोळीचं वेगळं असतं.

तुझी,
ताई